प्लग नवे, गाडी बंद

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरात आम्ही आमच्या जुन्या मारुती ८०० चे प्लग बदलले. आम्ही म्हणजे एकाच प्रयोगशाळेत काम करणारे तिघे मित्र. तिघांच्याही नावामागे ‘डॉक्टर’ लागते आणि तिघांनीही विजेची ठिणगी या विषयावर फळ्यापुढे उभे राहून बरेच काही सांगितलेले आहे. गाडी तिघांत मिळून घेतलेली, १९९७ सालची, कार्ब्युरेटरची. अलीकडे ती पेट्रोल जास्त पिऊ लागली होती आणि चढाला दम टाकत होती. दुसऱ्या दिवशी राधानगरी भागातल्या एका शाळेत विज्ञान शिबिर होते; भिंगे, आरसे आणि लोलकांची खोकी घेऊन आम्हाला तिथे पोहोचायचे होते. म्हणून उद्यमनगरातून तीन नवे प्लग आणले, प्लग पाना घेतला आणि अर्ध्या तासात काम उरकून हात धुतले.

किल्ली फिरवली. इंजिन धडधडले, पकडल्यासारखे केले आणि बंद पडले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कार्ब्युरेटरच्या बाजूने खोकल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ सायलेन्सरमधून फटाका फुटावा तसा बार निघाला. शेजारची मुले जमली.

आमचा निष्कर्ष तत्काळ होता. अर्ध्या तासापूर्वी गाडी चालत होती, मधल्या काळात फक्त प्लग बदलले, म्हणजे प्लग नकली. स्कूटरवरून दुकानात गेलो आणि थोड्या चढ्या आवाजात तसे सांगितले. दुकानदाराने काउंटरवरच्या मुलाला, तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, आमच्यासमोरच झापले. कुठला डबा उघडलास, कुणाच्या मालातले दिलेस? मुलगा काही बोलला नाही. त्याने दुसऱ्या डब्यातले तीन प्लग काढून दिले. आम्ही घरी आलो, ते बसवले, किल्ली फिरवली. खोकला, बार, बंद.

रात्री नऊच्या सुमारास पलीकडच्या गल्लीतले एक वयस्कर मेस्त्री टॉर्च घेऊन आले. त्यांचे सारे आयुष्य डिझेल इंजिनांत गेलेले. कोल्हापूर जिल्ह्यात शेतीच्या पंपांना आणि गुऱ्हाळांना जी इंजिने वर्षानुवर्षे चालली, त्यांत प्लगची ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. तेव्हा हे प्लगबद्दल काय सांगणार, असे आमच्यापैकी एकाच्या मनात आले होते. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावण्याआधी एकच प्रश्न विचारला.

“जुनं प्लग कुठं हायत?”

वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते. “तेच घाला परत,” म्हणाले. घातले. खोकला, बार, बंद.

“म्हंजे प्लगचा गुन्हा न्हाई. आता सांगा, आणि कशाकशाला हात लावला?”

हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता, आणि लेख लिहायचे कारण तेच आहे. ‘फक्त प्लग बदलले’ हे वाक्य खरे नव्हते. प्लग काढायचा तर त्यावरची जाड वायर उपसावी लागते. ती उपसताना हात शेजारच्या नळीला लागतो. प्लग पाना तिरका होतो. जागा करायला एअर फिल्टरचे झाकण काढावे लागते. बदल एक झाला असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात दहा-बारा बदल झालेले असतात आणि आपल्या लक्षात राहतो तो पैसे देऊन केलेला. आणखी एक गोष्ट सांगायला आम्हाला संकोच वाटतो. दुकानातून आणलेला दुसरा संच बसवला तेव्हा प्रयोग झालेलाच होता. प्लग बदलले, लक्षण बदलले नाही. वेगळ्या डब्यातले तीनही प्लग नेमक्या त्याच पद्धतीने खराब निघावेत, याची शक्यता किती? उत्तर हातात होते, पण दुकानदारावरच्या रागात ते आम्ही वाचले नाही.

मेस्त्रींनी इंजिन आणखी एकदा फिरवायला सांगितले आणि कान देऊन ऐकले. “म्होरनं बी खोकतंय आणि मागनं बी. दोन वायरी उलट्या पडल्यात,” एवढे बोलून त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लगच्या वायरींची अदलाबदल केली. इंजिन लागले. आम्ही त्यांना चहा दिला. नंतर रात्री कागद घेऊन बसलो, कारण वायरी उलट्या पडल्या हे दिसले तरी ‘पुढून आणि मागून’ यावरून ते कसे ओळखले, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हते.

खोकला कुठून, बार कुठून

आता तोच कागद वाचकांपुढे ठेवतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जमते आणि आवडते.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या चार धावा होतात हे आपण शिकवतोच: पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, पेटून रेटा मिळणे आणि धूर बाहेर ढकलणे. प्रत्येक धावेला मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, १८० अंश फिरतो. चार धावांना ७२० अंश, म्हणजे दोन पूर्ण फेरे. ठिणगी पडायची ती दाबण्याची धाव संपता संपता, दट्ट्या अगदी वर पोहोचण्याच्या थोडी आधी. सोयीसाठी आपण ती बरोबर वरच्या टोकाला पडते असे धरू.

मारुती ८०० ला तीन सिलिंडर. ७२० भागिले ३ म्हणजे २४०. दर २४० अंशांनी एका सिलिंडरची पेटण्याची पाळी येते आणि पाळीचा क्रम आहे १-३-२. पहिल्याची वेळ ० अंशावर, तिसऱ्याची २४० वर, दुसऱ्याची ४८० वर. या गाडीत डिस्ट्रिब्युटर नावाची डबी असते. तिच्यात फिरणारा हात एकेका वायरीला वीज वाटत जातो. त्याला सिलिंडर दिसत नाहीत; वायरी दिसतात. वायर चुकीच्या प्लगवर बसली, तर वीज निमूटपणे चुकीच्या सिलिंडरात जाते.

आता २ आणि ३ या वायरी उलट्या लावल्या असे समजा. पहिल्या सिलिंडरचे ठीक चालले आहे. २४० अंशावर तिसऱ्याची ठिणगी निघाली, पण गेली दुसऱ्यात. दुसऱ्या सिलिंडरची खरी वेळ ४८० ची. त्याची दाबण्याची धाव ३०० ते ४८० आणि मिश्रण ओढण्याची १२० ते ३००. म्हणजे २४० अंशावर तो मिश्रण ओढतो आहे, आत येण्याची झडप सताड उघडी आहे आणि तेवढ्यात ठिणगी पडते. जाळ उघड्या झडपेतून उलटा कार्ब्युरेटरकडे धावतो. हा पुढचा खोकला.

४८० अंशावर दुसऱ्याची ठिणगी तिसऱ्यात गेली. तिसऱ्याची वेळ २४० ची होती, ती ठिणगीविनाच गेली. त्यातले मिश्रण न पेटताच दाबले गेले, न पेटताच पसरले, आणि ४२० पासून ६०० पर्यंत ते बाहेर ढकलले जाते आहे. ४८० अंशावर बाहेरची झडप उघडी आहे, आत कोरे पेट्रोल आहे आणि ठिणगी पडते. सायलेन्सरमध्ये बार. हा मागचा फटाका.

तीन सिलिंडरांच्या इंजिनात कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली तरी एका सिलिंडरात ठिणगी २४० अंश लवकर पडते आणि दुसऱ्यात २४० अंश उशिरा. म्हणून एक पुढे खोकणार, एक मागे फुटणार. १ आणि २ ची अदलाबदल विद्यार्थ्यांना स्वतः करून पाहू द्या. मग विचारा, तीनही वायरी एकेक घर सरकवल्या तर? तेव्हा तीनही सिलिंडर एकाच प्रकारे चुकतात, सगळे लवकर किंवा सगळे उशिरा, आणि इंजिन लागण्याची आशाच उरत नाही. मेस्त्रींनी हा कागद कधी केला नसेल. पण पुढून आणि मागून दोन्हीकडून आवाज म्हणजे दोन सिलिंडर बिघडले आणि एक चांगला आहे, एवढे त्यांच्या कानाने आमच्या आधी ओळखले होते.

चार सिलिंडरांच्या गाडीत क्रम बहुधा १-३-४-२ असतो आणि पाळी दर १८० अंशांनी येते. तिथे १ आणि ४ ची अदलाबदल केली तर ठिणगी ३६० अंशांनी चुकते, म्हणजे धूर बाहेर जाणे संपून मिश्रण आत येऊ लागण्याच्या संधीवर पडते. याच निरीक्षणाचा पुढे उपयोग झाला. काही गाड्यांत डिस्ट्रिब्युटर काढून एकच कॉइल १ आणि ४ ला एकाच क्षणी ठिणगी देते. एक कामाची, दुसरी वाया जाणारी. अशा गाडीत एकाच कॉइलच्या दोन वायरी उलट्या लावल्या तरी बिघडत नाही. तेव्हा ‘वायरी बदलल्या की गाडी बंद’ हा नियमसुद्धा इंजिन पाहूनच वापरायचा.

उघड्यावर पडणारी ठिणगी

वायरी बरोबर आहेत आणि तरी गाडी मिसिंग मारते आहे, असे समजा. मग गॅरेजातली पहिली परीक्षा ठरलेली: प्लग काढायचा, वायर लावायची, प्लगचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवायचे, इंजिन फिरवायचे आणि ठिणगी पडते का ते बघायचे. पडली तर प्लग चांगला. या परीक्षेवर फार विश्वास ठेवू नये असे आमचे मत आहे. ठिणगी नाहीच पडली तर परीक्षा उपयोगाची आहे. पडली तर तिच्यावरून फारसे सिद्ध होत नाही.

कारण असे. साध्या हवेत १ मिलिमीटरची फट ओलांडायला ढोबळमानाने ३ ते ४ हजार व्होल्ट लागतात. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवले की लागणारे विभवांतर नुसत्या फटीवर अवलंबून नसते, तर फट आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याच्या क्षणी मिश्रण कित्येक पट दाबलेले असते. वायूचे रेणू दाटीवाटीने असले की इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला मोकळी जागा मिळत नाही. लगेच धडक होते आणि कमावलेली ऊर्जा जाते. म्हणून तीच फट ओलांडायला आत १० हजार किंवा त्याहून जास्त व्होल्ट लागतात. बाहेर टेबलावर झोकात ठिणगी देणारा प्लग आत गप्प बसू शकतो. वीज आतल्या फटीऐवजी चिनीमातीच्या केसाएवढ्या भेगेतून किंवा प्लगच्या ओलसर, मळक्या अंगावरून बाहेरच्या बाहेर धातूला मिळते, कारण तो रस्ता तिला सोपा पडतो.

यातूनच एक कामाची खूण मिळते. पावलाचा दाब कमी असतो तेव्हा सिलिंडरमध्ये हवा थोडीच शिरते, दाब कमी राहतो, आणि थोड्या व्होल्टवर काम भागते. पन्हाळ्याचा चढ लागला आणि पाय पूर्ण दाबला की हवा भरपूर, दाब जास्त, आणि व्होल्टची मागणीही जास्त. उभ्या जागी शांत चालणारी आणि चढावर मिसिंग मारणारी गाडी बहुधा विजेच्या बाजूने आजारी असते: फट मोठी, भेग पडलेली, वायर कमजोर. उलट, उभ्या जागी थरथरणारी आणि वेगात सुधारणारी गाडी असेल तर हवेच्या नळ्या तपासाव्यात. प्लग काढताना कोपराने निसटलेली रबरी नळी थोडी फालतू हवा आत ओढत राहते. इंजिन मंद चालत असताना ही थोडी हवाही प्रमाणाने मोठी असते; वेगात ती नगण्य होते. इंजिन चालू ठेवून ‘स्स्’ असा आवाज येतो का, ते ऐकावे.

इतके हजार व्होल्ट १२ व्होल्टच्या बॅटरीतून येतात कसे, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. नळ पूर्ण सोडून एकदम बंद केला की पाइप दणकतो. वाहत्या पाण्याला अचानक थांबवल्यामुळे दाब क्षणभर उसळतो. कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून काही अँपिअर प्रवाह चालू ठेवतात आणि तो एकदम तोडतात. चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि शेजारच्या, शेकडो पट नव्हे पण शंभराच्या आसपास पट वेढे असलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात विभवांतर उसळते. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले प्रवर्तन ते हेच. ३,००० फेऱ्यांच्या वेगाला प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या द्याव्या लागतात. ताशी ५० किलोमीटरने २०,००० किलोमीटर जायला ४०० तास लागतात. तेवढ्या वेळात एका प्लगने साडेतीन कोटींहून जास्त ठिणग्या पाडलेल्या असतात. प्रत्येक ठिणगी धातूचा अतिसूक्ष्म कण उडवते. प्लगची फट कालांतराने का वाढते, हे यावरून कळावे.

हातून होणाऱ्या चुका

प्लग बदलल्यानंतरच्या ज्या तक्रारी आम्ही पुढे ऐकल्या, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ नव्या प्लगच्या आत नव्हते, तर बसवणाऱ्याच्या हातात होते.

वायर उपसताना टोपीला धरायचे सोडून वायरीलाच धरून ओढतात. या वायरीच्या आत अनेकदा तांबे नसून कार्बनचा गाभा असतो, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून. ओढल्यावर तो आतल्या आत तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. शाळेतला साधा मल्टिमीटर इथे उपयोगी पडतो. अशा वायरीचा रोध काही हजार ओहम भरतो; तीन-चार वायरींत एकीचाच रोध भलताच जास्त किंवा अनंत आला तर चोर सापडला. प्लगच्या आतही बहुधा ५ हजार ओहमच्या आसपासचा रोध मुद्दाम बसवलेला असतो, त्यामुळे प्लगच्या दोन टोकांत शून्य आले नाही म्हणून तो खराब ठरवू नये.

प्लगच्या डोक्यावर आटे असलेली बारीकशी टोपण-नट असते. काही गाड्यांच्या वायरीला ती लागते, काहींना ती काढावी लागते. खोक्यातून ती सुटी मिळते आणि खोक्याबरोबरच कचऱ्यात जाते. मग वायर बसल्यासारखी वाटते, पण आत टेकत नाही.

प्लग हातातून फरशीवर पडला की खालची वाकडी दांडी आत दाबली जाते आणि फट मिटते. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर, नंतरच्या अनेक गाड्यांत १ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फिलर गेज ही पत्र्यांची छोटी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती घ्यावी. आगपेटीच्या कागदाने फट मोजणारे लोक आम्ही पाहिले आहेत आणि त्यांचे अंदाज पुष्कळदा बरोबरही असतात, पण शाळेत ते शिकवू नये.

आटे हा सर्वांत महागडा विषय. इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे आणि प्लगचे अंग पोलादी. प्लग तिरका लागला तर मऊ धातूचेच आटे जातात. तापलेल्या इंजिनातून प्लग काढणे हाही तसाच धोका, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि गरम असताना मऊही असते. इंजिन थंड होऊ द्यावे, पहिले चार-पाच वेढे पाना न लावता बोटांनी द्यावेत. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश वेढा पुरतो. फार आवळला तर आटे जातात. सैल राहिला तर दाब फटीतून निसटतो, ‘टिक टिक’ ऐकू येते, आणि प्लगची उष्णता डोक्यात उतरत नाही म्हणून तो तापत जातो.

उष्णतेचा मुद्दा आला आहे तर दोन शब्द त्यावर. दुकानात दोन प्लग शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, आटेही जुळतात, पण एक ‘गरम’ आणि एक ‘थंड’ असू शकतो. आतले चिनीमातीचे नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता पडतो आणि टोक गरम राहते. आखूड असेल तर लवकर निवते. टोकाचे तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर त्यावर बसणारी काजळी जळून जाते. ८५० ते ९०० च्या पुढे गेले तर ते टोकच निखाऱ्यासारखे होऊन ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवते, आणि अशाने दट्ट्याला भोक पडल्याची उदाहरणे आहेत. फार थंड प्लग काळा पडून गाडीला मिसिंग येते, फार गरम प्लग इंजिन खातो. यात एक गंमत आहे, ती मात्र ग्राहकाच्या जिवावर. बॉशच्या क्रमांकांत आकडा वाढला की प्लग अधिक गरम. एनजीकेच्या क्रमांकांत आकडा वाढला की अधिक थंड. बॉशचा ७ हा एनजीकेच्या ६ च्या जवळ जातो. ‘सहा नाही, सात आहे, तोच घ्या’ असे कोणी म्हणाले तर कंपनी कुठली, ते आधी विचारावे. आट्यांची लांबीही जुळवून पाहावी. जास्त लांब प्लग आत दट्ट्यावर आपटू शकतो.

जुने प्लग लगेच फेकू नयेत हे आम्ही त्या रात्री शिकलो. ते परत घालून पाहता येतात, हा एक फायदा. दुसरा असा की त्यांवर इंजिनाचा इतिहास लिहिलेला असतो. टोक करडे-तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग थंड. ओला, तेलकट काळेपणा म्हणजे ऑइल वर चढते आहे, नवे प्लग घालून ते थांबणार नाही. तीनांत एकच वेगळा दिसला तर त्या एका सिलिंडरकडे पाहावे. मात्र कुठला प्लग कुठल्या घरातून निघाला, ते काढतानाच लिहून ठेवलेले असले पाहिजे. वायरींवरही पांढऱ्या चिकटपट्टीचे १, २, ३ असे आकडे लावावेत. त्याहून चांगले म्हणजे एका वेळी एकच वायर काढून एकच प्लग बदलावा. आम्ही तीनही एकदम उपसल्या होत्या.

नव्या गाड्यांचे काय

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत डिस्ट्रिब्युटर नाही, लांब वायरी नाहीत; प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसते. तिथे वायरींची अदलाबदल होत नाही, पण कॉइलचा प्लॅस्टिकचा खटका नीट न बसणे, कॉइलच्या रबरी नळकांड्याला चीर पडणे, प्लगच्या खोबणीत पावसाचे पाणी राहणे, हे प्रकार आहेतच. इंजिनाचा संगणक दांड्याच्या फिरण्यातला बारीक झटका ओळखतो आणि पी०३०१, पी०३०२ असे संकेत नोंदवतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. यावरून थेट प्लग किंवा कॉइल विकत घेऊ नये. पहिल्या सिलिंडरवरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरची पहिल्यावर लावावी, संकेत पुसून गाडी चालवावी. मिसिंग दुसऱ्या सिलिंडरकडे गेले तर दोष कॉइलचा. पहिल्याकडेच राहिले तर कॉइल निर्दोष; मग प्लगची अशीच अदलाबदल करावी. यात एक पैसाही खर्च होत नाही. मेस्त्रींनी जुने प्लग परत घालायला सांगितले तेव्हा ते हेच करत होते.

इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी रेटू नये. न पेटलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन जळते, तो लाल होईपर्यंत तापतो आणि निकामी होतो. प्लगच्या संचाच्या कितीतरी पट त्याची किंमत असते.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात हा विषय घेताना चालत्या इंजिनाला किंवा कॉइलला हात लावू देऊ नये. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी हे दोन्ही तिथे हजर असतात. गॅरेजातून टाकाऊ प्लग मागून आणावेत, ते फुकट मिळतात. फिलर गेजने फटी मोजाव्यात, रंग लावून पाहावेत, आणि ७२० अंशांचा तक्ता पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्यांवर करून एकमेकींवर सरकवावा. ‘वायरी उलट्या पडल्या, आता आवाज कुठून येईल?’ एवढे विचारून बाजूला व्हावे.

शिबिराला आम्ही वेळेवर पोहोचलो. दोन दिवसांनी उद्यमनगरात त्या दुकानात गेलो. मालक जेवायला गेला होता. मुलगा एकटाच होता. चूक आमची होती असे सांगितले, तेव्हा तो काही वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग त्याने खालच्या फळीवरून आमचा पहिला डबा काढला. आत आम्ही परत केलेले तीन प्लग होते आणि डब्यावर बॉलपेनने ‘खराब’ लिहिलेले होते. त्यांचे पैसे त्याच्या पगारातून कापायचे ठरले होते.

मालक येईपर्यंत आम्ही थांबलो. त्याच्यासमोर पैसे दिले आणि ते तीन प्लग परत विकत घेतले. पुढचे वर्षभर गाडी त्यांच्यावरच चालली.